हातचा

बावीस प्रकल्प आले,
बावीसही बिनचूक.
विषय : मत्रहच्या बाजारातलं हलव्याचं जुनं दुकान
वाचवायचं कसं.
प्रत्येकात तोच आराखडा, तेच पाच टप्पे,
आणि नवव्या पानावर तीच एक थाप :
दुकानासमोर पार्किंग भरपूर.

मत्रहच्या त्या गल्लीत
दोन हातगाड्या समोरासमोर आल्या
तर एकीला मागं सरावं लागतं.

रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं.
रुवीच्या या संध्याकाळच्या कॉलेजात
मी एकोणीस वर्षं तेच शिकवतेय.
मागणी-पुरवठ्याची कात्री इतक्यांदा काढलीय
की खडू हातात नसला तरी बोटं वळतात.
विनोदसुद्धा ठरलेले, ठरलेल्या तासाला.
खरं सांगायचं तर
यंत्र व्हायला मीच आधी सुरुवात केली होती,
मुलांनी फक्त स्वस्तातलं शोधलं.

डीननी तक्ता पाठवलाय :
भविष्यासाठी सज्ज शिक्षक. सोळा रकाने.
पहिल्यात नाव लिहिलं, शैला बारबोले,
आणि शुक्रवारी पहाटे पाचला
सगळ्यांना मासळीबाजारात बोलावलं.

नऊ जण आले.
शम्सा, अबायाचा घोळ ओल्या फरशीपासून उचलत.
जोसलीन, रात्रपाळीच्या गणवेशातच.
माजिद वडिलांच्या गाडीतून. श्रीजित झोपेतून.
म्हटलं, हा घ्या एकेक रियाल,
उन्हं चढेपर्यंत त्याचं काय होतं ते बघू.
फोन माझ्या पिशवीत.

खल्फान म्हातारा तारल्यांच्या ढिगामागे.
माजिदनं विचारलं, तुमचा नफा किती टक्के?
त्यानं एका सुरमईचा कल्ला उचलून दाखवला :
हा लाल आहे तोवर नफा.
टक्के नंतर.

श्रीजितचा रियाल पाच मिनिटांत बुडाला.
शम्सा नुसतीच उभी, भाव ऐकत.
जोसलीननं मोडक्या अरबीत विचारलं,
नऊनंतर उरतं ते कुठं जातं?
म्हाताऱ्यानं मान वर केली,
तिच्याकडे नीट पाहिलं,
मग पायानं स्टूल सरकवलं.
अर्धा तास गेला, दोन पेले चहा.
उठली तेव्हा एका हातात टोपलीभर तारल्या,
दुसऱ्या मुठीत रियाल, तसाच.
उद्या दे, म्हणाला.

याला आमच्याकडे पत म्हणतात,
मी मराठीत पुटपुटले,
इंग्रजीत सांगायला गेले आणि अडखळले.
क्रेडिट नव्हे. अब्रू, पण नुसती अब्रूही नव्हे.
घटली की बाजाराला आधी कळते,
आपल्याला सर्वांत शेवटी.
एकोणीस वर्षांत हा शब्द
मी फळ्यावर लिहिला नव्हता.

बार्शीच्या शाळेत गुरुजी पाटीवर टिचकी मारायचे :
तेराचे तीन, हातचा एक,
हातचा विसरलात की सगळी बेरीज खोटी.
वाटलं, मुलांना सांगावं,
उत्तर यंत्र देईल, हातचा तेवढा तुमचा.
वाक्य छान होतं. म्हणूनच संशय आला.
शिकेल तेही, उद्या-परवा, हातचा धरायला.
मग माझ्यापाशी काय उरतं
ते मला माहीत नाही.
शिकावं लागेल, एवढं कळलंय.

मिस, याला मार्क किती? माजिद.
माहीत नाही, म्हटलं.
शम्सानं ते वहीत उतरवून घेतलं.

जोसलीननं हॉस्टेलवर तारल्या विकल्या,
दीड रियाल आले, हात दोनदा धुतले तरी वास.
उद्या पहाटे खल्फानची उधारी फेडायला
आम्ही सगळेच जाणार आहोत.
या वेळी फोन घेऊन या, सांगितलंय,
त्याला नेमकं काय विचारायचं असतं
ते मलाही दाखवा.

तक्त्याचे पंधरा रकाने कोरे आहेत.
सोळाव्यावर एक खवला चिकटलाय,
नखानं निघत नाही.